रॉकहॉपर पेंग्विन : रूप, जात आणि वर्गीकरणाची चिकित्सा

प्रस्तावना

रॉकहॉपर या तुरेवाल्या पेंग्विनचे शास्त्रीय वर्णन १७८१ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर जवळजवळ अडीच शतके लोटली. या काळात तो शेकडो वेळा मोजला गेला, वजन केला गेला, त्याच्या पायात कड्या अडकवल्या गेल्या, त्याचे रक्त प्रयोगशाळेत तपासले गेले. एवढे होऊनही रॉकहॉपर ही एक जात आहे, दोन जाती आहेत की तीन, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर अभ्यासकांत पूर्ण एकवाक्यता झालेली नाही.

या मतभेदाची मांडणी सामान्यतः ठरावीक पद्धतीने केली जाते. पूर्वीच्या पक्षिशास्त्रज्ञांनी बाह्य रूप पाहिले आणि त्यांना एकच जात दिसली. पुढे जनुकीय तंत्रे आली आणि त्यांनी रूपाआड दडलेले भेद उघड केले, असे सांगण्यात येते. ही कथा आटोपशीर आहे, परंतु ती पुरती खरी नाही. जनुकीय अभ्यासाने दाखवलेले भेद पक्ष्याच्या डोक्यावर आणि चोचीच्या मुळाशी आधीपासून दिसत होते. त्यांना नावेही मिळालेली होती. उणीव होती ती ते रूप वाचण्याच्या पद्धतीत. प्रस्तुत लेखात या पद्धतीची चिकित्सा केली आहे. तसेच 'शंका असेल तेथे एकच जात मानावी' हा वर्गीकरणातील रूढ संकेत वाटतो तितका निरुपद्रवी आहे काय, याचाही विचार केला आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मराठी वृत्तपत्रीय लेखनात 'प्रजाती' हा शब्द सर्रास जातीच्या अर्थाने येतो, तर वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषेत तोच शब्द जातीहून वरच्या गटासाठी वापरला जातो. जात आणि उपजात यांतील सीमा हाच ज्या लेखाचा विषय आहे, त्यात हा घोळ परवडणारा नाही. म्हणून येथे वंश, जाती आणि उपजाती असे तीनच शब्द योजले आहेत.

रूप

मुंबईच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात २०१६ साली आणलेले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे आहेत. त्यांच्या छातीवर काळा पट्टा असतो. डोक्यावर तुरा नसतो. ज्यांनी तेवढेच पेंग्विन पाहिले आहेत त्यांना रॉकहॉपर हा त्याच कुळातील पक्षी असल्याचे प्रथमदर्शनी पटणे कठीण जाईल. उंची जेमतेम अर्धा मीटर, वजन साधारण अडीच ते तीन किलो, डोळे लालभडक, चोच तांबूस-नारिंगी आणि पाय गुलाबी. पाठ निळसर काळी, पोट पांढरे. डोळ्यांच्या वर भुवईसारखा पिवळा पट्टा असतो आणि डोळ्यांच्या मागे तो लांब पिवळ्या पिसांच्या झुपक्यांत संपतो. डोक्याच्या मागच्या भागावर काळी, टोकदार पिसे उभी असतात. इतर पेंग्विन डुलत चालतात किंवा पोटावर घसरतात. हा मात्र दोन्ही पाय जुळवून खडकांवरून उड्या मारीत चढतो. त्याच्या नावाचा उगम यातच आहे.

इंग्रजीत या सर्व शिरोभूषणाला एकच शब्द वापरतात. मराठीला अधिक बारकाईने बोलता येते. बुलबुलाच्या डोक्यावर असते ती शेंडी आणि कोंबड्याच्या डोक्यावर असतो तो तुरा. रॉकहॉपरच्या डोक्यावर या दोन्ही गोष्टी आहेत : मागची काळी पिसे ही शेंडी आणि बाजूला झुलणारे पिवळे झुपके हा तुरा. हा फरक शब्दच्छलाचा नाही. काळी शेंडी सर्व रॉकहॉपरांत साधारण सारखीच असते. त्यांच्यातील भेद पिवळ्या तुऱ्यात आहेत. दोहोंना एकाच शब्दात कोंबले की भेद पाहण्याची नजरच बोथट होते.

तुऱ्याचा पिवळा रंगही सामान्य नाही. अनेक पक्ष्यांतील पिवळा रंग अन्नातून मिळणाऱ्या कॅरोटिनॉइड द्रव्यांमुळे येतो. पेंग्विनांच्या पिवळ्या पिसांतील द्रव्य त्याहून निराळे असून इतर पक्ष्यांत ते आढळलेले नाही. पेंग्विनांच्या कुळाच्या नावावरून त्याला स्फेनिसिन असे म्हणतात. पिल्लांना व वयात न आलेल्या पक्ष्यांना असा पूर्ण तुरा नसतो. तो प्रौढत्वाबरोबर येतो आणि जोडीदाराच्या निवडीत त्याचे काम असते. म्हणजे तुरा ही पक्ष्याने पक्ष्याला दिलेली ओळख आहे. वर्गीकरणकाराच्या दृष्टीने ही बाब फार महत्त्वाची आहे, कारण जातींमधील सीमा अखेर जोडीदाराच्या निवडीतूनच राखली जाते.

आता भेद पाहू. रॉकहॉपरची तीन रूपे मानली जातात. फॉकलंड बेटांवर आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडील बेटांवर राहणाऱ्या रूपात पिवळा पट्टा अरुंद आणि तुरा तुलनेने आखूड असतो. अटलांटिकमधील त्रिस्तान दा कुन्हा व गॉफ या बेटांवर, तसेच हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील ॲमस्टरडॅम व सेंट पॉल या बेटांवर राहणाऱ्या उत्तरेकडील रूपात तुरा लक्षणीय लांब, दाट आणि खाली लोंबणारा असतो. पंखाच्या खालच्या बाजूवरील काळ्या रंगाचे प्रमाणही वेगळे असते. त्याचा आवाज वेगळा, आणि विणीचा हंगाम दक्षिणेकडील भाईबंदांहून साधारण दोन महिने आधीचा असतो. मॅरियन, क्रोझे, केर्गेलेन, हर्ड, मॅक्वारी, कॅम्पबेल, ऑकलंड आणि अँटिपोडीज या बेटांवर राहणारे पूर्वेकडील रूप तुऱ्याच्या बाबतीत फॉकलंडच्या रूपाजवळ जाते. परंतु त्याच्या चोचीच्या मुळाशी, जबड्याच्या कडेने उघड्या कातडीची एक गुलाबी रेघ असते. फॉकलंडच्या पक्ष्यांत त्या जागेची कातडी काळसर असते. सारा वाद एका झुपक्याच्या लांबीभोवती आणि एका गुलाबी रेघेभोवती फिरतो, असे म्हटल्यास ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

नावे आणि नमुने

जेम्स कुकच्या दुसऱ्या सफरीत (१७७२–७५) निसर्गशास्त्रज्ञ म्हणून गेलेले योहान राइनहोल्ड फॉर्स्टर यांनी या पक्ष्याला 'क्रिसोकोम', म्हणजे सोनेरी केसांचा, असे नाव दिले. त्यांनी तो 'ॲप्टेनोडायटिस' या वंशात घातला होता. आज त्या वंशात एम्परर आणि किंग हे दोनच हयात पेंग्विन मानले जातात. तुरेवाल्या पेंग्विनांसाठी व्हिएयो यांनी १८१६ साली 'युडिप्टिस', म्हणजे उत्तम बुडी मारणारा, हा वंश स्थापन केला. पूर्वेकडील रूपाला हटन यांनी १८७९ साली 'फिलहोली' हे नाव दिले. १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाच्या निरीक्षणासाठी कॅम्पबेल बेटावर गेलेल्या फ्रेंच तुकडीतील निसर्गशास्त्रज्ञ आंरी फिलोल यांच्या सन्मानार्थ ते होते. उत्तरेकडील रूपाला मॅथ्यूज व आयरडेल यांनी १९२१ साली 'मोसेलेयी' हे नाव दिले. हेन्री मोसेली हे चॅलेंजर सफरीचे निसर्गशास्त्रज्ञ. ही सफर १८७३ साली त्रिस्तान दा कुन्हा येथे पोहोचली होती.

या कालक्रमावरून एक गोष्ट स्पष्ट होते. १९२१ पर्यंत तिन्ही रूपांना नावे मिळालेली होती. तरीही विसाव्या शतकाच्या उरलेल्या काळात ती तिन्ही एकाच जातीच्या उपजाती म्हणून यादीत राहिली. यामागे दोन कारणे संभवतात. पहिले कारण व्यक्तीशी निगडित आहे. ग्रेगरी मॅथ्यूज हे थोड्याशा फरकावरून नवी नावे देण्याबद्दल प्रसिद्ध होते. त्यांनी दिलेल्या असंख्य नावांपैकी बरीच पुढे बाद झाली. अशा लेखकाने दिलेले नाव पुढील पिढीने साशंकतेने पाहावे, हे स्वाभाविक होते. मात्र लेखकाच्या लौकिकावरून त्याच्या प्रत्येक निरीक्षणाचे मोल ठरवणे ही टीका नव्हे, तो पूर्वग्रह होय.

दुसरे कारण अधिक खोल आहे. १९४२ साली अर्न्स्ट मायर यांनी जातीची जी व्याख्या रूढ केली, तिच्यात परस्परांशी प्रजनन करणारा आणि इतरांपासून प्रजननाच्या दृष्टीने अलग असलेला समूह ही कसोटी होती. या व्याख्येने जीवशास्त्राला फार मोठी शिस्त दिली, हे निर्विवाद आहे. परंतु हजारो किलोमीटर समुद्राने वेगळ्या झालेल्या बेटांवरील पक्ष्यांना ही कसोटी लावायची कशी? ते एकमेकांना भेटतच नाहीत. भेटले तर जोडी जमवतील की नाही, याचे उत्तर केवळ अनुमानाने देता येते. अशा वेळी 'भिन्नत्व सिद्ध झालेले नाही, म्हणून एकच जात' हा निर्णय सोयीस्कर ठरतो. वस्तुतः एकत्वही सिद्ध झालेले नसते. पुराव्याचा सर्व भार वेगळेपणा मांडणाऱ्यावर टाकायचा आणि एकत्व मात्र गृहीत धरायचे, ही तर्कपद्धती न्याय्य नाही. दुर्दैवाने ती सावधगिरीच्या नावाने खपून जाते.

याला संग्रहालयांतील नमुन्यांच्या मर्यादेची जोड मिळाली. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील वर्गीकरण मुख्यतः वाळवून ठेवलेल्या कातड्यांवर आधारलेले होते. कातडे वाळले की पिसे बव्हंशी तशीच राहतात, पण उघड्या कातडीचा रंग टिकत नाही. लाल डोळ्यांच्या जागी कापूस येतो, गुलाबी पाय काळे पडतात, आणि चोचीच्या मुळाशी असलेली गुलाबी रेघ आक्रसून विटते. पूर्वेकडील रूपाला फॉकलंडच्या रूपापासून वेगळे करणारी सर्वांत ठळक खूण नेमकी तीच आहे. उत्तरेकडील रूपाची खूण पिसांत असल्यामुळे ती कपाटातही टिकून राहिली. पूर्वेकडील रूपाची खूण जिवंत पक्ष्यावरच पाहावी लागते. उत्तरेकडील पक्ष्याला पुढे जातीचा दर्जा तुलनेने सहज मिळाला आणि पूर्वेकडील पक्षी अधांतरी राहिला, यात जनुकांचा वाटा आहेच; परंतु नमुना जतन करण्याच्या तंत्राने कोणते लक्षण 'महत्त्वाचे' ठरवले, याचाही त्यात वाटा असावा. वर्गीकरणाच्या इतिहासात या बाबीकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले दिसत नाही.

२००६ नंतरचा वाद

फ्रेंच अभ्यासक पिएर झुव्हांतँ यांनी पेंग्विनांच्या दृश्य व ध्वनी संकेतांवर १९८२ साली विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला होता. २००६ साली त्यांनी सहकाऱ्यांसह उत्तरेकडील रॉकहॉपर ही स्वतंत्र जात असल्याचे प्रतिपादन केले. त्यांच्या युक्तिवादाचे वैशिष्ट्य असे की, तो केवळ जनुकांवर उभा नव्हता. तुरा आणि आवाज ही जोडीदार ओळखण्याची साधने आहेत आणि नेमकी तीच दोन्ही रूपांत भिन्न आहेत, हा त्याचा गाभा होता. जनुकीय अंतर त्याला दुजोरा देत होते. येथे रूप आणि जनुके परस्परविरोधी साक्षीदार म्हणून उभे राहत नाहीत. रूपाचा अर्थ पक्ष्याच्या दृष्टीने लावला, तर दोन्ही साक्षी जुळतात.

त्याच वर्षी बँक्स आणि सहकाऱ्यांनी मायटोकॉन्ड्रियातील डीएनएच्या आधारे तिन्ही रूपांना स्वतंत्र जाती मानण्याची शिफारस केली. त्यांचा तर्क तुलनेचा होता : तीन रूपांमधील अंतर हे इतर तुरेवाल्या पेंग्विनांच्या मान्य जातींमधील अंतराशी ताडून पाहावे. हा तर्क आकर्षक असला, तरी त्यात एक कच्चा दुवा आहे. ज्या मान्य जातींशी तुलना करायची, त्यांची मान्यता स्वतः कशावर आधारलेली आहे? मापदंडच सदोष असेल तर त्याने केलेले मोजमाप कितपत ग्राह्य धरावे?

या शंकेला मॅकरोनी आणि रॉयल या दोन पेंग्विनांनी बळ दिले आहे. मॅकरोनीचा चेहरा काळा, रॉयलचा पांढरा. (मॅकरोनी हे नाव खाद्यपदार्थावरून थेट आलेले नाही, अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये नटव्या तरुणांना ही उपाधी होती.) रॉयल फक्त मॅक्वारी बेटाच्या परिसरात प्रजनन करतो. ब्रांट यांनी १८३७ साली मॅकरोनीला आणि फिन्श यांनी १८७६ साली रॉयलला नाव दिले, आणि चेहऱ्याच्या रंगाचा फरक लांबूनही दिसत असल्यामुळे दोन जाती फारशा वादाविना रूढ झाल्या. तथापि फ्रुगोन आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली संपूर्ण जनुकसंचात विखुरलेल्या खुणा तपासल्या, तेव्हा हे दोन्ही पक्षी मिळून एकच उत्क्रांतिघटक असल्याचे सुचवणारे साम्य त्यांना आढळले. रॉयल पक्षी केर्गेलेनच्या मॅकरोनींशी जवळीक दाखवत होते. म्हणजे जेथे चेहरा ओरडून 'दोन' सांगत होता तेथे जनुके 'एक' म्हणतात, आणि जेथे एक गुलाबी रेघ कुजबुजत होती तेथे जनुके 'तीन' म्हणू लागली.

यावरून रूप अविश्वसनीय आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. अधिक योग्य निष्कर्ष असा की, माणसाच्या डोळ्याला भेद किती ठळक वाटतो, हे त्या भेदाच्या महत्त्वाचे माप नाही. पांढरा चेहरा माणसाला मोठा फरक वाटतो. पेंग्विनाला तो तसा वाटतोच असे नाही. उलट झुपक्याची लांबी आणि आवाज हे माणसाला तपशील वाटले, तरी पेंग्विनाच्या दृष्टीने ते निर्णायक असू शकतात.

भूगोलाची साक्षही येथे उद्बोधक आहे. ॲमस्टरडॅम बेटापासून केर्गेलेन सुमारे चौदाशे किलोमीटरांवर आहे, तर गॉफ सुमारे सात हजार किलोमीटरांवर. अंतर हाच निकष असता, तर ॲमस्टरडॅमचा पक्षी केर्गेलेनच्या पक्ष्यासारखा असायला हवा होता. प्रत्यक्षात तो गॉफच्या पक्ष्यासारखा आहे. कारण गॉफ, त्रिस्तान, ॲमस्टरडॅम व सेंट पॉल ही बेटे उपोष्ण आणि उपअंटार्क्टिक पाण्याच्या सीमेलगतच्या तुलनेने उबदार पट्ट्यात येतात, आणि केर्गेलेन त्या सीमेच्या दक्षिणेस थंड पाण्यात. समुद्रावर न दिसणारी ही सीमा तापमान, अन्न आणि त्यामुळे विणीचा काळ ठरवते. गॉफच्या वंशावळीचा एक पक्षी केर्गेलेनवर आढळल्याची नोंद २००७ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे पक्षी ही सीमा ओलांडू शकतात. ओलांडू शकत असूनही दोन्ही रूपे आपापले वेगळेपण टिकवून आहेत, ही बाब एका जातीच्या बाजूने नव्हे, तर विरोधात जाते. मायर यांच्या कसोटीचा आग्रह धरणाऱ्यांनीही तिची दखल घ्यायला हवी.

तिसऱ्या रूपाचा प्रश्न मात्र अधिक नाजूक आहे. पूर्वेकडील आणि फॉकलंडचे रूप यांतील अंतर उत्तरेकडील रूपाच्या मानाने कमी आहे, आणि म्हणून २००६ नंतर दीर्घकाळ प्रमुख पक्षिसूचींत काहींनी दोन तर काहींनी तीन जाती मानल्या. न्यूझीलंडमध्ये पूर्वेकडील रूप स्वतंत्र जात म्हणून रूढ झाले. अन्यत्र ते उपजातच राहिले. एकच पक्षी देशाची सीमा ओलांडताच जातीतून उपजातीत जावा, हे काहीसे विनोदी आहे. फ्रुगोन आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली पुन्हा या प्रश्नाकडे वळून, मोजक्याच जनुकीय खुणांवर आधारलेले वर्गीकरण जातींची संख्या कमी दाखवते आणि त्यामुळे संवर्धनाला धोका पोहोचतो, असे प्रतिपादन केले. विस्तृत खुणा वापरल्यावर तीन घटक स्पष्ट होतात, हे त्यांच्या युक्तिवादाचे सार आहे.

येथे 'युडिप्टिस वारहॅमी' या नावाचा उल्लेख अप्रस्तुत ठरणार नाही. चॅथम बेटांवरील नामशेष झालेल्या या तुरेवाल्या पेंग्विनचे वर्णन २०१९ साली हाडे आणि प्राचीन डीएनए यांच्या आधारे करण्यात आले. त्याचा तुरा कसा होता, चोचीच्या कडेला रेघ होती की नव्हती, हे कोणत्याही शास्त्रज्ञाने पाहिलेले नाही. ज्याचे रूप ठाऊक नाही त्याला जातीचा दर्जा मिळू शकतो. आणि जो कॅम्पबेलच्या कड्यांवर उड्या मारताना आजही पाहता येतो त्याच्या दर्जाविषयी मात्र चर्चा चालू राहते. दोन्ही निर्णयांमागे आपापली कारणे आहेत, हे मान्य. परंतु निकष सर्वत्र सारखा लावला जातो, असा दावा त्यानंतर करता येत नाही.

वर्गीकरणाची किंमत

हा वाद ग्रंथालयातच राहिला असता, तर तो सोडून देता आला असता. प्रत्यक्षात तो तेवढ्यावर थांबत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत मूल्यांकनाचा घटक जात हा आहे. जातीचे नाव नसेल, तर धोक्याची स्वतंत्र श्रेणी नसते. श्रेणी नसली, तर निधी व लक्ष दोन्ही आटतात.

उत्तरेकडील रूपाची कथा बोलकी आहे. गॉफ बेटावरील त्याची संख्या १९५० च्या दशकापासून पुढील अर्धशतकात नव्वद टक्क्यांहून अधिक घटली, असे गणनांच्या तुलनेतून दिसून आले. जुने आकडे ढोबळ होते हे लक्षात घेऊनही ही घट नाकारता येत नाही. रॉकहॉपर ही एकच जात मानली जात होती तोवर ही हानी दक्षिण महासागरभर पसरलेल्या लक्षावधी पक्ष्यांच्या बेरजेत विरून जात होती. जातीचा दर्जा मिळाल्यानंतर हा पक्षी 'संकटग्रस्त' श्रेणीत आला. मार्च २०११ मध्ये 'ऑलिव्हा' हे मालवाहू जहाज त्रिस्तान समूहातील नाइटिंगेल बेटावर आदळले आणि तेलाने साडेतीन हजारांहून अधिक रॉकहॉपर माखले गेले. त्रिस्तानच्या रहिवाशांनी ते गोळा करून मुख्य बेटावर आणले, धुतले, जगवण्याचा प्रयत्न केला. त्यांतील थोडेच वाचले. हे रहिवासी या पक्ष्याला 'पिनामिन' म्हणतात. त्यांना तो वेगळा पक्षी आहे की नाही, हे ठरवण्यासाठी कोणत्याही यादीची गरज नव्हती. जगाला मात्र होती.

पूर्वेकडील रूपाला ही सोय अद्याप सर्वत्र लाभलेली नाही. २०२० च्या मूल्यांकनात ते फॉकलंडच्या रूपासह एकाच नावाखाली 'असुरक्षित' श्रेणीत होते. या एकत्रीकरणाचा परिणाम पाहण्यासाठी दोन बेटांची तुलना पुरेशी आहे. फॉकलंडवर २०१० च्या हंगामातील गणनेत तीन लाखांहून अधिक जोड्या आढळल्या; २००५ च्या तुलनेत ही वाढ होती. कॅम्पबेल बेटावर १९४२ ते १९८५ या काळात रॉकहॉपरांची संख्या सुमारे ९४ टक्क्यांनी घटली होती. समुद्राच्या तापमानातील बदल आणि त्याबरोबर बदललेले अन्न ही तेथील प्रमुख कारणे मानली गेली. एकीकडे सावरणारी लोकसंख्या आणि दुसरीकडे ढासळलेली लोकसंख्या यांची सरासरी काढली, की जो आकडा हाती येतो तो दोहोंपैकी कोणाचेही वर्णन करीत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो गंभीर आहे. संवर्धनासाठी सोयीचे म्हणून जाती वाढवणे म्हणजे विज्ञानाला धोरणाच्या दावणीला बांधणे होय, असे काही वर्गीकरणकार म्हणतात. नावांची अशी फुगवटी झाली, तर 'संकटग्रस्त जात' या शब्दांचे वजनच उरणार नाही, ही त्यांची भीती निराधार नाही. जात वाचवायची म्हणून जात घडवू नये, हे तत्त्व मान्यच करायला हवे. परंतु हे तत्त्व उलट दिशेनेही लागू होते. यादी आटोपशीर राहावी, परंपरा मोडू नये, म्हणून असलेला भेद गिळून टाकणे हेही धोरणच आहे. फक्त ते उघडपणे बोलले जात नाही. जोडणारे आणि तोडणारे या जुन्या भांडणात जोडणाऱ्यांनी तटस्थतेचा मान विनामूल्य मिळवला आहे. तुरा, आवाज, पाण्याची सीमा, कातडीची रेघ आणि जनुके या पाच साक्षी उत्तरेकडील रूपाच्या बाबतीत एकमुखी आहेत असे म्हणता येते. पूर्वेकडील रूपाच्या बाबतीत तुऱ्याची साक्ष दुबळी आहे, रेघेची आणि विस्तृत जनुकीय खुणांची भक्कम. एवढ्या पुराव्यावर तीन जाती मानण्याचा पक्ष अधिक सयुक्तिक ठरतो, आणि 'दोन' म्हणणाऱ्यांनी आता आपली बाजू केवळ रूढीच्या आधारे न मांडता पुराव्याने मांडली पाहिजे.

जातीचा निर्णय लांबला, तरी निदान बेटनिहाय वा रूपनिहाय मूल्यांकन थांबवण्याचे कारण नाही. कॅम्पबेल बेटावर त्यानंतरही गणना झाली. १९८४ ते २०१२ या काळात तेथील संख्या आणखी सुमारे बावीस टक्क्यांनी घटल्याचे तीतून दिसून आले, आणि बेटावर तेहतीस हजारांच्या आसपास जोड्या उरल्या होत्या.